एका दाताची पावती

आमच्या घराण्यात आजवर कोणी प्रसिद्ध झालेलं नाही. आजोबांचा फोटो एकदा वर्तमानपत्रात आला होता, पण तो 'हरवले आहेत' या सदरात. आणि तो छापून येईपर्यंत आजोबा घरी परत येऊन, जेवून, दुपारची झोप काढून उठलेसुद्धा होते. मी स्वतः बी.कॉम. होऊन गेली एकवीस वर्षं साताऱ्यात एका बँकेत कारकून आहे. आता आम्हांला कारकून म्हणायचं नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं, असं 2024 साली ठरलं. पण खिडकीपलीकडचा माणूस अजूनही "ओ साहेब, पासबुक छापून देता का?" असंच म्हणतो, आणि मशीन बिघडलेलं असलं की 'साहेब'ही गाळतो.

अशा घराण्यात प्रसिद्धी आली ती लग्नाच्या मार्गाने, म्हणजे सासुरवाडीकडून. माझा मेहुणा पुण्याला सिंहगड रस्त्यावर राहतो. तो, त्याची बायको आणि सात वर्षांची छकुली असे तिघं मिळून आपल्या घरातली एकेक गंमत रोज मोबाइलवर दाखवतात, आणि ती एक लाख चाळीस हजार लोक पाहतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या सातारा शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती. म्हणजे आमचं सबंध गाव मेहुण्याच्या स्वयंपाकघरात शिरलं, तरी वर पंधरा-वीस हजार माणसं जिन्यात उभी राहतील.

पूर्वी हे असं नव्हतं. प्रसिद्ध माणसाच्या घराचं दार सावकाश उघडायचं. रेव्हरंड टिळक कवी म्हणून थोर, पण ते घरी कसे वागत हे महाराष्ट्राला कळलं ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा. त्याचा पहिला भाग आला 1934 साली, टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 चं; लग्न 1946 चं. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, मग लिहिलं. आणि तरीही लोक म्हणाले, "घरातलं असं बाहेर सांगावं का?" आता पोह्यांवर कोथिंबीर पडायच्या आत ते पोहे बाहेर सांगितले जातात. फरक एवढाच, की त्या दोघींनी दार उघडून आतलं घर दाखवलं. हल्ली घराच्या आतच दुसरं एक घर उभारतात आणि ते दाखवतात.

हे मला कळलं गेल्या दिवाळीत. आमचे चिरंजीव परीक्षेच्या नावाखाली साताऱ्यालाच राहिले, आणि आम्ही दोघं पुण्याला गेलो. नरकचतुर्दशीला मी सवयीने पहाटे साडेचारला उठून पाटावर बसायच्या तयारीत होतो. मेहुणा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊजी, झोपा. उजेड बरोबर नाहीये अजून." नरकासुराच्या वधाला उजेडाची अडचण आल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. शेवटी आमची पहाट साडेदहाला झाली. खिडक्यांचे पडदे ओढले, पणत्या लावल्या, चुडीसारखा गोल दिवा तिकाटण्यावर चढवला आणि छकुलीला उटणं लावलं. एकदा उटणं सांडलं म्हणून, दुसऱ्यांदा खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली म्हणून, असं तिला एकंदर तीन वेळा लावलं. तीन अभ्यंगस्नानांचं पुण्य तिच्या खात्यावर जमा झालं. सर्दी झाली ती वेगळी.

मग फराळ. "आईच्या हातच्या करंज्या" कोपऱ्यावरच्या दुकानातून आल्या होत्या. हात मात्र खरोखर आईचा होता, तिनेच त्या खोक्यातून काढून ताटात मांडल्या. छकुलीने एक करंजी खाऊन डोळे मिटून "अहाहा!" म्हणायचं होतं. पहिल्या करंजीला तिचं अहाहा खरं होतं, पण नेमका तेव्हा फोन चालू नव्हता. सहाव्या करंजीला तिचे डोळे आपोआप मिटायला लागले.

नवरा-बायकोत त्या दिवशी अबोला होता. रात्री फोन चार्जिंगला कोणी लावायचा, यावरून तो सुरू झाला होता. पण फोन वर उचलला, की "अहो, ऐकलं का?" म्हणून ती लाडिक हसायची आणि तो कानाची पाळी धरायचा. फोन खाली आला, की दोघांचेही चेहरे मागच्या जागी. बटण दाबल्यासारखं. आमच्या बँकेतसुद्धा वरचे साहेब तपासणीला येतात तेव्हा आम्ही गिऱ्हाइकांकडे पाहून हसतो. पण ते वर्षातून एकदा. रोज तपासणी म्हणजे फार झालं.

आता मी काही मोठा विरक्त आहे असं समजू नका. मला त्यांनी एक पांढरं थर्मोकोल धरायला दिलं होतं, छकुलीच्या तोंडावर उजेड पाडायला. त्या नादात माझा डावा हात आणि अर्धा कान चित्रात आला. त्यावर कुणीतरी लिहिलं, "मागचे काका किती गोड!" त्या दुपारी मी हे वाक्य किती वेळा उघडून पाहिलं, याचा हिशेब नुकताच सौ.ने दिला: चौदा. एका कानाला इतकं चढतं, तर सबंध चेहरा रोज जाणाऱ्याचं काय होत असेल?

खरी गोष्ट रात्री घडली. दिवाणखान्यात गाद्या घातल्या होत्या. छकुली आत्याजवळ झोपायचं म्हणून हट्टाने आमच्यात आली होती. बारा वाजून गेले असतील. कुणीतरी माझी बाही ओढली.

"आतोबा, तुम्ही बँकेत आहात ना?"

"हो. का गं?"

"बँकेत ठेवलेलं कुणाला दाखवत नाहीत ना?"

"ज्याचं असेल त्यालाच दाखवतात."

"त्याच्या आईबाबांना?"

इथे मी अडखळलो. कारण दहा वर्षांखालच्या मुलाचं खातं त्याचे पालकच चालवतात, असा स्पष्ट नियम आहे. आमच्या जुन्या फॉर्मांवर मुलाला 'अज्ञान' म्हणतात आणि पालकाला 'सज्ञान'. गेली एकवीस वर्षं मी या दोन शब्दांपुढे निमूटपणे शिक्के मारत आलो आहे. त्या अंधारात प्रथमच मला त्यांच्या वाटणीविषयी शंका आली.

छकुलीने मूठ उघडली. तीत तिचा वरचा, पुढचा दात होता. "दुपारीच पडला. मी गालात ठेवला होता. आईला सांगू नका. व्हिडिओ करतील."

आता या दाताचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. तो आठ दिवस हलत होता, आणि मेहुण्याचं एका टूथपेस्टवाल्यांशी बोलणं चाललं होतं. दात फोनसमोर पडला, तर पंधरा हजार रुपये. घरात दिवाळीपेक्षा त्या दाताची तयारी जास्त होती. आणि ते पोर जेवण, फराळ, तीन तासांचं शूटिंग, एवढं सगळं तो दात जिभेखाली आणि गालात फिरवत पार पाडून आलं होतं.

"पावती द्या," ती म्हणाली.

मी खिशातलं एसटीचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीमागे मोबाइलच्या उजेडात लिहिलं: 'एक दात ठेव म्हणून मिळाला. खातेदाराशिवाय कोणालाही दाखवला जाणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली. तिने ती घडी करून उशीच्या अभ्र्यात सारली आणि दोन मिनिटांत झोपली. मला झोप येईना. एकवीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये फरक पडला नव्हता, आणि आता रुमालात पंधरा हजारांचा ऐवज बांधून मी सख्ख्या मेहुण्याच्या घरात पडलो होतो.

सकाळी हाहाकार झाला. दात गेला! सोफा पुढे ओढला, गाद्या झटकल्या, केरसुणीने कपाटाखालून दोन वर्षांची टिकल्यांची पाकिटं निघाली. मीही ओणवा होऊन शोधत होतो, हात खिशावर. शेवटी मेहुणा म्हणाला, "राहू दे. दात नाही तर निदान खिंडार तरी घेऊ. छकुली, हस बघू." फोन वर गेला. छकुली हसली, पण तोंड मिटून. "दात दाखव ना, बेटा." पुन्हा मिटून. अर्धा तास झाला, आमिषं झाली, डोळे वटारून झाले. ते पोर शहाण्यासारखं, गोड, मिटल्या तोंडाने हसत राहिलं. इतका ठाम नकार मी आमच्या कर्ज खात्यातसुद्धा पाहिलेला नाही.

दुपारी मेहुण्याला गॅलरीत गाठला आणि म्हटलं, "तुला एक विचारू? हे जे पैसे येतात, ते कोणाच्या नावावर जमा होतात?"

"माझ्या. का?"

"आणि लोक बघतात कोणाला?"

तो हसला. "भाऊजी, घरचेच पैसे आहेत. फ्लॅटचा अर्धा हप्ता त्यातून जातो. तिच्याच शाळेची फी जाते."

तेव्हा मी त्याला जॅकी कूगनची हकीकत सांगितली. दुपारी सर्व्हर बंद पडला की आम्ही असलं बरंच वाचत असतो. चार्ली चॅप्लिनच्या 1921 सालच्या 'द किड'मधलं ते गोजिरवाणं पोर. त्या काळी त्याच्यासारखं प्रसिद्ध मूल दुसरं नव्हतं. लहानपणी त्याने मिळवलेली रक्कम तीस ते चाळीस लाख डॉलर धरतात. 1935 साली तो एकवीस वर्षांचा, म्हणजे आमच्या भाषेत सज्ञान झाला, आणि आपले पैसे मागायला गेला. तेव्हा कळलं, की आई आणि सावत्र बाप यांनी ते बहुतेक संपवले होते. आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याने अज्ञान मुलाची कमाई आईबापांचीच होती! 1938 साली त्याने आईवर दावा लावला. हातात पडले फक्त सव्वा लाख डॉलर. 1939 साली तिथे बालकलाकारांसाठी कायदा झाला; त्याला आजही कूगनचंच नाव आहे.

"ते हॉलिवूड," मेहुणा म्हणाला.

मग मी यूटातलं सांगितलं. आठ माणसांचं कुटुंब, सहा मुलं, 2015 पासून यूट्यूबवर रोजचा हसरा संसार, वीस लाखांहून जास्त प्रेक्षक. ऑगस्ट 2023 मध्ये त्या घरातला बारा वर्षांचा मुलगा एका खिडकीतून बाहेर पडला आणि शेजाऱ्यांच्या दारात जाऊन खायला-प्यायला मागू लागला. उपाशी होता, अंगावर जखमा होत्या. आईने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिला शिक्षा झाली. त्याच वर्षी 1 जुलैपासून इलिनॉय राज्यात कायदा लागू झाला, की मुलांना दाखवून व्हिडिओचे पैसे मिळवाल, तर मुलांचा वाटा बाजूला ठेवा. 2025 साली यूटानेही केला.

"म्हणजे मी छकुलीला उपाशी ठेवतो?" मेहुणा उसळला. "सहा करंज्या खाल्ल्यात तिने!"

"ते मी मोजलंय," मी म्हणालो. "तू भला माणूस आहेस. मी एवढंच म्हणतो, की व्हिडिओत ती हसते म्हणून ती हसते आहे, असं होत नाही."

यावर त्याने ठेवणीतला बाण काढला. "दादासाहेब फाळक्यांनी काय केलं? स्वतःचा मुलगा रोहिताश्व केला, मुलगी कृष्ण केली. तेव्हा कुणी पावत्या मागितल्या?"

खरं होतं. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांचा मुलगा भालचंद्र होता, आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी. सगळं घरच सिनेमात होतं. मी जरा गप्प झालो. पण तेवढ्यात मागून सौ. बोलली. ती कांदा चिरत केव्हापासून ऐकत होती, कोण जाणे.

"आणि सरस्वतीबाईंनी दागिने दिले, ते विसरलास? सगळ्या कंपनीचा स्वयंपाक केला, फिल्मवर काम केलं, उजेड पाडायला उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. फाळक्यांचं घर सिनेमात गेलं, दागिन्यांसकट. तुमच्याकडे सिनेमा घरात आलाय आणि घर बाहेर गेलंय."

ती बी.ए. आहे, मराठी घेऊन. माझ्या कॉमर्समध्ये इतकं नेमकं बोलायला शिकवत नाहीत. मी आपला थर्मोकोल धरलेल्या हाताकडे पाहत राहिलो.

संध्याकाळी मेहुण्याची बायको ओट्याशी एकटी होती. कॅमेरा नव्हता, म्हणून चेहरा तिचा स्वतःचा होता. ती मला म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, ही काय बाई आहे. भाऊजी, छकुली झाली तेव्हा मी नोकरी सोडली. चार वर्षं मला या सोसायटीत नावाने कुणी ओळखत नव्हतं. भाजीवालासुद्धा 'तीनशे दोन' म्हणायचा. आता मंडईत लोक थांबून विचारतात, बऱ्या आहात ना? मी कशी आहे हे दुसरं कोण विचारतं मला?" आणि मग कढईकडे बघत म्हणाली, "दात पडला तर पोर मला नाही सांगत, होय?"

तिला ते कळलं होतं. ती आई होती. मी खिशातला रुमाल चाचपला, पण बोललो नाही. ठेवीदाराचा विश्वास होता.

निघताना मेहुण्याला मी एकच व्यवहाराची गोष्ट सांगितली, कारण मला तेवढीच कळते. आपल्याकडेही 2017 पासून नियम आहे: सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचा, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. तो निर्मात्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पण ज्या घरात बापच निर्माता, आईच दिग्दर्शक आणि आतोबाच प्रकाशयोजना, तिथे विचारायला येणार कोण? म्हणून आपलं आपणच विचारावं. आमच्याकडे पालकाने चालवलेल्या खात्यातलं मूल अठरा वर्षांचं झालं, की आम्ही त्याची नवी सही घेतो आणि शिल्लक त्याच्याकडून कबूल करून घेतो. त्या वेळी काही मुलं शिलकेचा आकडा बघतात आणि मग शेजारी उभ्या असलेल्या बापाकडे बघतात. मी मान खाली घालून शिक्का शोधायला लागतो. आईबाप होणाऱ्याने ते बघणं एकदा आठवावं.

जानेवारीत मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, ठेव करायचीय छकुलीच्या नावाने. कुठला फॉर्म लागतो?" मी तो पाठवला. वीस टक्के त्याने मान्य केले, शिवाय रविवारी फोन कपाटात. व्हिडिओ बंद झाले असं मुळीच नाही. फ्लॅटचा हप्ताही बंद झालेला नाही. पण मागच्या महिन्यात एकात छकुली "आज नाही" म्हणून सरळ उठून गेली आणि त्यांनी तिला परत बोलावलं नाही, असं सौ. सांगते. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, दोनदाच.

दाताचं मात्र राहिलं होतं. पुण्याच्या इमारतींना कौलं नसतात. तिथला उंदीर बिचारा लिफ्टने येऊन दात नेणार थोडाच! आमचं साताऱ्याचं घर जुनं, कौलारू आहे. भाऊबीज आटोपून परत आलो त्या संध्याकाळी मी अंगणात उभा राहिलो, रुमाल सोडला आणि बाहेर कोणी नाही हे बघून दात छपरावर भिरकावला. उंदराला म्हणालो, हा घे, आणि तिला तुझ्यासारखा छोटा, शुभ्र दे. दात कौलावर खट्कन वाजला आणि घरंगळत कुठेतरी जाऊन थांबला.

सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "फोटो काढायचा की हो एक. छकुलीला दाखवला असता."

मी म्हटलं, "खातेदाराची लेखी परवानगी नाही."

शिमग्याला छकुली साताऱ्याला आली, तेव्हा फ्रॉकच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून तिने माझ्यापुढे धरलं. मी तिला अंगणात नेऊन छप्पर दाखवलं, आणि पावतीवर 'ठेव परत' असं लिहून सही मागितली. तिने वळणदार अक्षरांत आपलं नाव काढलं आणि माझ्याकडे बघून हसली. त्या जागी नवा दात अर्धा आला होता. आजूबाजूला कोणीही नव्हतं.